विधी महाविद्यालयाची निवड: शिष्यवृत्ती, कर्ज आणि पुढची कमाई यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न: ऐरोलीची आई

नमस्कार. माझ्या मुलीने बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमासाठी क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) आणि राज्याची सीईटी अशा दोन्ही परीक्षा दिल्या आहेत. क्लॅटमधील क्रमांकावर पवईचे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ थोडक्यात हुकले. दुसऱ्या राज्यातील, तुलनेने नवीन असलेले एक राष्ट्रीय विधी विद्यापीठ मात्र मिळत आहे. तिथे शुल्क, वसतिगृह आणि खानावळ धरून वर्षाला तीन लाखांचा खर्च आहे. एका खासगी विद्यापीठाने निम्म्या शिक्षण शुल्काची शिष्यवृत्ती देऊ केली आहे. ती वजा करूनही वर्षाला अडीच लाख लागतील, आणि जागा राखून ठेवण्यासाठी येत्या शुक्रवारपर्यंत पहिला हप्ता भरावा लागेल. सीईटीचे गुण चांगले आहेत, पण केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या अजून व्हायच्या आहेत. त्यांतून चर्चगेटचे शासकीय विधी महाविद्यालय मिळण्याची थोडी आशा आहे, नाहीतर ठाणे किंवा नवी मुंबईतील एखादे महाविद्यालय मिळेल.

आमचे कुटुंब खुल्या प्रवर्गातील आहे. यजमान रबाळे एमआयडीसीत पर्यवेक्षक आहेत, मी घरी शिकवण्या घेते, आणि दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न सात लाख वीस हजार आहे. घराच्या कर्जाची अजून सहा वर्षे बाकी आहेत आणि धाकटा नववीत आहे. मुलीला न्यायाधीश व्हायचे आहे, हे ती आठवीपासून सांगत आली आहे. नातेवाईक म्हणतात की राष्ट्रीय विद्यापीठाचा शिक्का आयुष्यभर उपयोगी पडतो, तेव्हा पंधरा लाखांकडे पाहू नका. मला मात्र त्या आकड्याने रात्री झोप लागत नाही. ज्यांनी हा मार्ग स्वतः पाहिला आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: निवृत्त कर्ज अधिकारी, नौपाडा

ताई, सर्वप्रथम एक दुरुस्ती करतो. आपण ज्याला पंधरा लाखांचे कर्ज म्हणत आहात ते फेडायला सुरुवात होईल तेव्हा पंधरा लाखांचे राहिलेले नसेल. शैक्षणिक कर्जात शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, परंतु व्याज पहिल्या उचलीपासून चढत असते. दरवर्षाच्या सुरुवातीला तीन लाख उचलले आणि दर दहा टक्के धरला, तर सरळ व्याजानेच पाच वर्षांत साडेचार लाख आणि सवलतीच्या सहाव्या वर्षात आणखी दीड लाख होतात. म्हणजे हप्ता सुरू होताना डोक्यावर एकवीस लाख असतात आणि दहा वर्षांच्या मुदतीने महिन्याचा हप्ता २७,७५० रुपयांच्या आसपास बसतो. चालू काळातले व्याज दरमहा भरत गेलात तर हप्ता १९,८०० रुपयांपर्यंत खाली येतो. पण ते व्याज पहिल्या वर्षी महिना अडीच हजार असते आणि पाचव्या वर्षी साडेबारा हजार होते. त्या सुमारास आपला धाकटा महाविद्यालयात असेल.

दुसरी गोष्ट तारणाची. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात, आणि आपले घर आधीच गहाण आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत. शिवाय कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात व्याजात तीन टक्के सूट मिळू शकते. यासाठी ते विद्यापीठ योजनेच्या यादीत असले पाहिजे, म्हणून संस्थेच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. योजनेच्या संकेतस्थळावर यादी उघडून नाव स्वतः पाहा.

तिसरी गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ज्या मुली आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गात मोडतात, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. खुल्या प्रवर्गातील आपल्या कुटुंबाचा विचार आर्थिक निकषावर होईल. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला प्रवेश चालत नाही, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे या योजनेच्या बाहेर आहेत. याचा अर्थ असा की निम्म्या शिष्यवृत्तीचे ते खासगी विद्यापीठ आपल्याला वर्षाला अडीच लाखांना पडते, आणि ठाण्यातले एखादे विनाअनुदानित महाविद्यालय फेरीतून मिळाले तर शिक्षण शुल्क शून्यावर येऊ शकते. आज तहसील कार्यालयातून दोघांच्या उत्पन्नाचा दाखला काढायला टाका, कारण महाडीबीटीवर (राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर) अर्ज करताना नेमका तोच दाखला अडतो. अधिवासाचा दाखलाही सोबत घ्या.

उत्तर: कोर्टनाका

मी ठाणे जिल्हा न्यायालयात अकरा वर्षे वकिली करतो. आपल्या मुलीला न्यायाधीश व्हायचे आहे, हे वाक्य आपण प्रश्नाच्या शेवटी लिहिले आहे. माझ्या मते सगळा हिशोब तिथून सुरू व्हायला हवा.

२० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. पूर्वी पदवी हातात पडताच परीक्षेला बसता येत असे, तो रस्ता आता बंद झाला आहे. ही तीन वर्षे तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जातात, म्हणून पदवीनंतर सनद (वकिलीचा परवाना) काढायला एक आठवडाही उशीर करू नये. आता वरच्या काकांनी मांडलेला हप्ता या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहा. हप्ता पदवीनंतर एका वर्षाने सुरू होतो आणि परीक्षेला बसण्याची पात्रता तीन वर्षांनी येते. जाहिरात, पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांत आणखी काळ जातो. त्या मधल्या वर्षांत २७,७५० रुपये कोण भरणार?

मी सुरुवात केली तेव्हा सिनियर मला महिना पाच हजार देत. आज मी माझ्या ज्युनिअरला बारा हजार देतो, आणि ते कमी आहेत हे मला ठाऊक आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरी भागातील ज्युनिअरला किमान वीस हजार द्यावेत अशी सूचना काढली, परंतु ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि बार रूममध्ये चौकशी केलीत तर तेवढे देणारे थोडेच सापडतील. नोंदणी मात्र स्वस्त झाली आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालानंतर सर्वसाधारण प्रवर्गाकडून ७५० रुपयांपेक्षा अधिक नोंदणी शुल्क घेता येत नाही. न्यायाधीश झाल्यावर मूळ वेतनच ७७,८४० रुपयांपासून सुरू होते, तेव्हा कर्ज फेडता येत नाही असे नाही. अडचण फक्त मधल्या चार-पाच वर्षांची आहे. माझ्याबरोबरची एक अत्यंत हुशार मुलगी याच काळात हप्त्यासाठी कंपनीच्या कायदा विभागात गेली. न्यायाधीश होण्याची इच्छा तिलाही होती. नोकरीत वकिलीचा अनुभव धरला जात नाही, त्यामुळे तो रस्ता तिच्यासाठी हळूहळू मिटला. कर्ज घेतले की पुढचे क्षेत्र कर्जच निवडते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

स्थानिक महाविद्यालयाबद्दल मनात कमीपणा ठेवू नका. ठाण्याच्या न्यायालयात रोज जे चालते त्यात सातबारा, फेरफार आणि मराठीतले जबाब वाचावे लागतात; सोसायट्यांचे पुनर्विकासाचे वाद आणि मानीव अभिहस्तांतरणाची (बिल्डर टाळाटाळ करत असताना जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याची) प्रकरणे असतात. खाडीपलीकडे नवी मुंबईत साडेबारा टक्के योजनेचे (सिडकोने जमीन घेतलेल्यांना परत दिलेले) भूखंड, प्रकल्पग्रस्तांचे दावे आणि कोकण भवनातील अपिले असतात. हे काम शिकणारी मुलगी तिसऱ्या वर्षापासून एखाद्या चांगल्या चेंबरमध्ये बसू लागली, तर पदवीच्या दिवशी तिला रोजनामा (खटल्याच्या रोजच्या कामकाजाची नोंद) वाचता येतो, उलटतपासणीची तयारी कशी होते हे माहीत असते आणि लिपिकापासून सिनियरपर्यंत चार माणसे ओळखतात. परराज्यात पाच वर्षे काढून परतलेल्या विद्यार्थ्याला ही ओळख नव्याने करावी लागते. शासकीय विधी महाविद्यालय मिळाले तर प्रश्नच मिटला. १८५५ पासूनची ती संस्था आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे प्राचार्य होते, शुल्क नाममात्र आहे आणि उच्च न्यायालय चालत गाठता येते.

उत्तर: नेरुळकर

मी निम्म्या शिष्यवृत्तीवर खासगी विद्यापीठात शिकले, म्हणून त्या पर्यायाबद्दलच लिहिते. शिष्यवृत्तीच्या पत्राचे पहिले पान सगळे वाचतात. माझा घात दुसऱ्या पानाने केला. प्रत्येक सत्रात सरासरी साडेसात गुणांक राखावा, अशी अट तिथे होती. पाचव्या सत्रात मला डेंग्यू झाला, दोन पेपर अशक्तपणातच दिले आणि गुणांक ७.४२ आला. शिष्यवृत्ती गेली ती कायमची, कारण एकदा गेलेली परत मिळण्याची तरतूदच नव्हती. बाबांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले. त्या संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून अर्ज भरत होते, आणि रकमेच्या रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबले होते. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून शुक्रवारपूर्वी त्यांना ईमेल पाठवा आणि उत्तर लेखी मागा. शिष्यवृत्ती पाचही वर्षांची आहे की पहिल्याच वर्षाची? अट ठराविक गुणांकाची आहे की वर्गातील क्रमांकाची? क्रमांकाची असेल तर फार सावध राहा, कारण चाळीस जणांना शिष्यवृत्ती देऊन पहिल्या वीस जणांनाच ती पुढे चालू ठेवली, तर सगळ्यांनी उत्तम अभ्यास केला तरी वीस जणांची जाणारच. आजारपणात सूट आहे का? दरवर्षी शुल्क वाढले तर माफीही त्या प्रमाणात वाढते का? आणि प्रवेश रद्द केल्यास हप्त्यातील किती रक्कम किती दिवसांत परत मिळते? फोनवर मिळालेली उत्तरे धरू नका. मला फोनवर सगळे गोडच सांगितले होते.

उत्तर: पाचवे सत्र

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मी परराज्यातील एका राष्ट्रीय विधी विद्यापीठात कर्ज काढून शिकलो, आता लोअर परळमधील एका लॉ फर्ममध्ये आहे आणि कर्ज चार वर्षांत फेडले. ज्याला कंपनी कायदा, विलीनीकरण, भांडवली बाजार यांत जायचे आहे त्याच्यासाठी ते पंधरा लाख योग्य ठरू शकतात, कारण मोठ्या फर्म भरतीसाठी ठराविक महाविद्यालयांतच येतात. शिवाय वसतिगृहात रात्री दोन वाजेपर्यंत मूट कोर्टची (सरावाच्या अभिरूप न्यायालयाची) टिपणे घासणारे सोबती मिळाले, त्यांचे मोल मी आजही मानतो.

परंतु ‘राष्ट्रीय’ हा शब्द सगळीकडे सारखे फळ देत नाही. जुन्या विद्यापीठांची भरती आणि नव्यांची भरती यांत मोठे अंतर आहे. आपण त्या विद्यापीठाला सर्वाधिक पगार विचारू नका. तुकडीत एकूण किती विद्यार्थी होते, भरतीला किती बसले, किती जणांना नोकरी मिळाली आणि मधल्या विद्यार्थ्याला किती पगार मिळाला, हे विचारा. मग गेल्या दोन तुकड्यांतील तीन-चार जणांशी मुलीला थेट बोलू द्या. माझ्या तुकडीतील जे वकिलीकडे वळले त्यांपैकी बहुतेकांच्या घरी हप्ता भरणारे कोणीतरी होते, हेही प्रामाणिकपणे सांगतो. न्यायाधीश होण्याचा निश्चय पक्का असेल, तर कोर्टनाका यांचे म्हणणे मला पटते.

ऐरोलीची आई

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. काल रात्री आम्ही चौघांनी बसून ही उत्तरे मोठ्याने वाचली. हप्ता आधी आणि परीक्षा नंतर, हे मुलीने स्वतः वहीवर रेघ ओढून मांडले आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. खासगी विद्यापीठाला ईमेल पाठवला होता. शिष्यवृत्ती वर्गातील क्रमांकावर अवलंबून आहे, असे उत्तर आले, म्हणून शुक्रवारचा हप्ता भरायचा नाही असे ठरले. परराज्यातील राष्ट्रीय विद्यापीठाचे नाव योजनेच्या यादीत आहे का, हे यजमान आज पाहतील. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज सकाळीच केला.

एकच शंका उरली आहे. केंद्रीभूत फेरीत पसंतीक्रम भरताना घराजवळचे महाविद्यालय वर ठेवावे की ज्याचे नाव मोठे ते? शिवाय तिला एकदा प्रत्यक्ष न्यायालय पाहायचे आहे. परवानगी लागते का?

कोर्टनाका

चर्चगेट पहिले ठेवा. त्याखाली ज्या महाविद्यालयातून दुपारी एकपर्यंत सुटून ठाणे किंवा बेलापूरच्या न्यायालयात पोहोचता येईल ती लावा, आणि प्रत्येकाला बार कौन्सिलची चालू मान्यता आहे याची खात्री करून घ्या. प्रवासात दिवसाचे चार तास जाणार असतील तर मोठ्या नावाचाही उपयोग होत नाही.

परवानगीची गरज नाही, सर्वसाधारणपणे न्यायालये खुलीच असतात. सोमवारी तिला पावणेअकरापर्यंत कोर्टनाक्याला पाठवा; अकराला बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची सुनावणी, सुरू होते. ओळखपत्र सोबत असू द्या, मोबाईल बंद ठेवायला सांगा आणि मागच्या बाकावर बसू द्या. त्या दिवशी माझ्या एका दाव्यात साक्षीदाराची उलटतपासणी आहे. दुपारच्या सुट्टीत तिला काय समजले नाही ते मी समजावून सांगेन.