कोल्हापुरातल्या एका सोसायटीचा ‘फक्त महत्त्वाचे मेसेज’ ग्रुप: तिसऱ्या मजल्यावरचा टीव्ही

शनिवार

भोसले वहिनी २०२ (रात्री ११:०८): माने साहेब, परत सुरू झालंय. मी नाव घेत नाही. गेल्या महिन्यात तुमच्यासमोर बोलणं झालं होतं. सईची बारावी आहे हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. आत्ता आमच्या शोकेसमधल्या कपबशा वाजालेत.

सागर ४०१ (११:०९): वहिनी, कोयनेकडं हादरा बसला असंल 😄

भोसले वहिनी २०२ (११:०९): सागर, तू तर बोलूच नकोस. तुझ्या बुलेटचं नळकांडं कधी बदलणार आहेस?

सागर ४०१ (११:१०): 🙏

पोवार १०४ (११:११): लिफ्टचे ग्रील नीट लावत जावा. तिसऱ्या मजल्यावर उघडे आहे. लिफ्ट खाली येईना.

माने (सेक्रेटरी) (११:१४): वहिनी, सकाळी बोलतो. ज्येष्ठ व्यक्ती आहेत, रात्री दारात जाणं बरं दिसत नाही.

शिंदे काकी १०१ (११:१५): म्हणजे देसाई सर होय? मला वाटलं ३०४ मधले भाडेकरू.

माने (सेक्रेटरी) (११:१५): मी नाव घेतलेलं नाही.

जाधव ४०३ (११:१७): विषय व्यक्तीचा नाही, नियमाचा आहे. रात्री १० ते सकाळी ६. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, दिवसाची ५५. केंद्राचे नियम २००० सालापासून आहेत. ज्येष्ठ असो वा कोणी, नियम सगळ्यांना सारखा.

शिंदे काकी १०१ (११:१८): एकतीस डिसेंबरला टेरेसवर किती डेसिबल होतं जाधव साहेब?

जाधव ४०३ (११:१८): तो एक साधा स्पीकर होता.

शिंदे काकी १०१ (११:१९): साधा स्पीकर दोन माणसांनी जिन्यातनं धरून नेला. मी दारातच उभी होतो, माझ्या डोळ्यांनी बघितलो.

नेहा ३०१ (११:२०): काकी, ‘उभी होतो’ 😅

शिंदे काकी १०१ (११:२१): आमच्यात असंच म्हणतात गं. तू नागपूरची, तुला चार वर्षांत कळंल. मी ‘बघितलो’ म्हटलो म्हणून स्पीकर बारका होत नाही.

जाधव ४०३ (११:२२): वर्षातून एकदा आणि रोज, यात फरक असतो. असो.

पोवार १०४ (११:२३): लिफ्टचे ग्रील. तिसरा मजला.

सागर ४०१ (११:२४): पोरांनो, पंचगंगेच्या पुराचा नियम लावूया. टीव्हीचा आवाज ३९ ला गेला की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. त्याच्या वर गेला की दुसरा मजला स्थलांतरित. वहिनी, राजाराम बंधाऱ्यावर सध्या किती हाय?

भोसले वहिनी २०२ (११:२५): मला आत्ता चेष्टा सुचत नाही. पोरगी कानात कापूस घालून बसली आहे.

देसाई सर ३०२ (११:३१): नमस्कार स्वल्पविराम मी सर्व वाचत आहे पूर्णविराम सध्या ४४ आहे खोटं का बोलू पूर्णविराम मी बहिरा नाही डॉक्टरांनी तपासले आहे अहो रात्रीची गोळी घेतली का घेतली गं पूर्णविराम

सागर ४०१ (११:३२): सर, ‘पूर्णविराम’ म्हणायला लागत नाही, तो लिहूनच येवालाय.

देसाई सर ३०२ (११:३४): मुलाने हे बोलून टाईप करायचे लावून दिले आहे मला बोटाने जमत नाही स्वल्पविराम ह्या नव्या मालिकेत सगळे पुटपुटतात पूर्णविराम इन्स्पेक्टर बायकोशी बोलतो ते कळत नाही म्हणून आवाज वाढवतो आणि लगेच दार फोडतात पूर्णविराम मग मीच दचकतो

भोसले वहिनी २०२ (११:३५): दार फोडलेलं आम्हालाही कळतं सर. रोज साडेदहाला.

देसाई सर ३०२ (११:३६): बंद केला आहे क्षमस्व

हा मेसेज डिलीट करण्यात आला (जाधव ४०३)

सागर ४०१ (११:३८): मी वाचला 👀

माने (सेक्रेटरी) (११:३९): कृपया आता इथेच थांबूया. ग्रुप महत्त्वाच्या मेसेजसाठी आहे.

शिंदे काकी १०१ (११:४१): [पुढे पाठवलेला] रात्री झोपताना उशाशी मोबाईल ठेवता का? हे नक्की वाचा…

रविवार

पोवार १०४ (सकाळी ६:५०): शुभ सकाळ. लिफ्टचे ग्रील रात्रभर उघडे होते. जिना चढून वर जाऊन मीच लावले. गुडघ्याचे ऑपरेशन झालेला माणूस आहे मी.

नेहा ३०१ (८:४०): देसाई सर, काल बोलणार होते, पण वातावरण तापलं होतं. चूक तुमच्या कानांची नाही. या मालिकांचा आवाज ५.१ असतो, म्हणजे सहा वाटांनी येणारा. बोलणं बहुतेक मधल्या स्पीकरला दिलेलं असतं. आपल्या टीव्हीला मधला स्पीकरच नाही. असतात ते दोन, तेही पाठीमागं नाहीतर खाली तोंड करून. सहा वाटांचं पाणी दोन नळांतून काढलं की बोलणं दबतं आणि दणदणाट वर येतो. मालिका चालू असताना जिथं भाषा निवडतो तिथं ५.१ च्या जागी साधा स्टिरिओ मिळतो का बघा. आणि टीव्हीच्या साउंडमध्ये आवाज स्पष्ट करायचा एक पर्याय असतो, कंपनीप्रमाणं नाव बदलतं. माझी आज ऑफिसची शिफ्ट आहे, नाहीतर मीच आले असते.

सागर ४०१ (८:४३): विषय हार्ड. नेहा वहिनींना सोसायटीचा इंजिनिअर करा.

जाधव ४०३ (८:५०): साउंडबार घ्यायचा की सरळ. पाच-सहा हजारांत मिळतो.

भोसले वहिनी २०२ (८:५१): नको!!! अजून एक डबा नको.

शिंदे काकी १०१ (९:०५): विषय निघालाच आहे तर बोलतो. २०१९ ला ट्रायनं, म्हणजे टीव्ही-फोनवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं सांगितलं, आपल्याला पाहिजेत तेवढेच चॅनेल घ्या. १३० रुपये आणि जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे नुसतं कनेक्शनचं, वर चॅनेलचं वेगळं. वही घेऊन बसलो होतो मी, मालिकेचे चॅनेल मांडाय. आता केबलचा डबा कपाटात आणि चार ठिकाणी महिन्याला पैसे. बरं, पैसे भरून वर जाहिराती! जाहिराती नको म्हटलं की अजून पैसे. आणि पासवर्ड! रिमोटचा बाण दाबत दाबत एकेक अक्षर शोधायचं. ‘ए’ पासून ‘झेड’ ला जाईपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या होतात, आणि शेवटी म्हणतो पासवर्ड चुकला.

सागर ४०१ (९:०७): काकी, दूरदर्शनची फ्री डिश लावा. महिन्याला काही नाही.

शिंदे काकी १०१ (९:०८): छत्री लावाय टेरेसची चावी लागते. ती कुणाकडं असते सांगू का?

जाधव ४०३ (९:०९): चावी माझ्याकडे आहे कारण टाकीचा व्हॉल्व्ह रोज मी बघतो. कुणाला हौस असेल त्याने घ्यावी. आजच घ्यावी.

माने (सेक्रेटरी) (९:१०): चावीचा विषय सर्वसाधारण सभेत.

पोवार १०४ (९:१२): लिफ्टच्या ग्रीलचा विषय पण सभेत घ्यावा.

सागर ४०१ (९:२०): आणि मोबाईलचं काय? माधुरी हत्तीण नांदणीच्या मठातनं अंबानींच्या वनताराला नेली, त्या रागात ऑगस्टमध्ये आमच्या घरातले जिओचे चारी नंबर पोर्ट केले. नव्या सिमला बाथरूममध्ये फुल्ल रेंज, हॉलमध्ये शून्य. माझे दोन इंटरव्ह्यू बाथरूममधनं झाले. तरी परत जाणार नाही, सांगून ठेवतो.

माने (सेक्रेटरी) (९:२२): त्याबद्दल तुझं अभिनंदनच. पण काल फुटबॉलला तुमच्या पाटाकडील तालमीनं खाल्लेल्या गोलाबद्दल कायतरी बोल.

सागर ४०१ (९:२२): सेक्रेटरी साहेब, ग्रुप महत्त्वाच्या मेसेजसाठी आहे.

भोसले वहिनी २०२ (१०:१५): सई वर गेली आहे सरांकडं, ते सेटिंग करायला. अभ्यास सोडून. एवढं लक्षात असू दे.

देसाई सर ३०२ (११:०५): सई येऊन गेली पूर्णविराम पोरीने पाच मिनिटांत केले स्वल्पविराम इन्स्पेक्टर बायकोला काय म्हणाला ते आज तिसऱ्या भागातले पहिल्यांदा कळले पूर्णविराम तो तिला भाजी आण म्हणत होता

सागर ४०१ (११:०६): एवढ्यासाठी ४४? 😂

देसाई सर ३०२ (११:२४): आता मी बोटाने लिहितो आहे, वेळ लागेल. नेहा, अजून एक विचारायचे होते. ह्या टीव्हीवर जुना सिनेमा लावला की तो मालिकेसारखा दिसतो. गुळगुळीत. माणसे तेल लावल्यासारखी सरकतात. मुलाला फोनवर सांगितले तर म्हणाला, बाबा, चित्र चांगले आहे, तुमचीच सवय गेली. मी चाळीस वर्षे थिएटरात सिनेमे बघितले, माझी सवय कशी जाईल?

नेहा ३०१ (११:३१): सर, बरोबर आहे तुमचं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. टीव्ही दाखवतो ६०. मग दोन चित्रांच्या मधली चित्रं तो स्वतःच बनवून घुसवतो. मॅचला बरं दिसतं, सिनेमाची वाट लागते. पिक्चर सेटिंगमध्ये ‘मोशन’ असं काहीतरी असेल ते बंद करा, नाहीतर ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा.

देसाई सर ३०२ (११:३६): म्हणजे गाळलेल्या जागा भरतो! कुणी सांगितले होते त्याला?

देसाई सर ३०२ (११:५८): काल रात्रीबद्दल वाईट वाटले म्हणून लिहितो. मी काही टीव्हीचा किडा नव्हतो. संध्याकाळी केशवराव भोसले नाट्यगृहात जायचे, प्रयोग नसला तरी खासबागेच्या बाजूला चार माणसे भेटायची. ८ ऑगस्ट २०२४ ला रात्री ते पेटले तेव्हा मी रंकाळ्यावरून घरी येत होतो. लोक थांबून आकाशाकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी १९१५ ला उभे केलेले, आणि एका रात्रीत आत नुसता कोळसा. सकाळी गेलो तर पोलिसांनी दोरी लावली होती आणि दोरीच्या बाहेर माझ्यासारखी पन्नास-साठ म्हातारी माणसे, कुणी कुणाशी बोलत नव्हते. तेव्हापासून संध्याकाळ घरीच. मुलाने दिवाळीला हा टीव्ही पाठवला. आता एवढा मोठा पाठवला तर तो बघायचा.

आणि एक. १९३२ चा पहिला मराठी बोलपट आपल्या ह्या गावात झाला, प्रभात फिल्म कंपनी तेव्हा इथेच होती, १९३३ ला पुण्याला गेली. परवा तो मोबाईलवर बघितला. खरखर पुष्कळ आहे, पण काय बोलतात ते कळते. त्या माणसांना तेव्हा बोलपट म्हणजे काय हेही धड माहीत नव्हते. नव्वदच्या वर वर्षे झाली, आणि मला सेटिंग शिकायला बारावीची पोर लागते.

शिंदे काकी १०१ (१२:०४): सर 🙏 मी पण गेलो होतो दोरीपाशी. तुम्हाला बघितलो नाही.

जाधव ४०३ (१२:१०): सर, त्या दिवशी आमच्या मंडळाची मुलं पाणी वाटत होती तिथं. कालच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका.

सागर ४०१ (१२:११): डिलीट केलेलं पण घेऊ नका.

जाधव ४०३ (१२:११): सागर.

भोसले वहिनी २०२ (१२:२०): सर, तुमच्याबद्दल कुणाच्या मनात काही नाही. फक्त परीक्षा होईपर्यंत दहा म्हणजे दहा. सई म्हणाली, काकूंनी तिला थालीपीठ दिलं लोण्यासकट. मला न विचारता खाऊन आली, घरी जेवली नाही. असू दे.

पोवार १०४ (१२:२२): तिसऱ्या मजल्यावर ग्रील पुन्हा उघडे आहे.

भोसले वहिनी २०२ (१२:२३): सई आली होती खाली, तिच्याकडनं राहिलं असेल. सॉरी पोवार काका.

पोवार १०४ (१२:२४): सईला परीक्षेसाठी शुभेच्छा. पण ग्रील लावायला सांगा.

माने (सेक्रेटरी) (१२:३०): एक स्पष्टीकरण. काल रात्री पावणेअकराला मी देसाई सरांच्या दारापर्यंत लिफ्टनं जाऊन बेल न वाजवता जिन्यानं परत आलो. त्या गडबडीत कालचं ग्रील माझ्याकडून राहिलेलं असू शकतं.

सागर ४०१ (१२:३१): 😂😂 ‘रात्री दारात जाणं बरं दिसत नाही’

पोवार १०४ (१२:३२): मी काही बोलत नाही.

पोवार १०४ (१२:३५): पण सेक्रेटरींनीच असे केल्यावर बाकीच्यांना काय सांगायचे.

देसाई सर ३०२ (रात्री ९:४०): आजची पातळी १८ पूर्णविराम २०१९ च्या पुरात ५५ फूट ओलांडलेले बघितले आहेत त्यामानाने काहीच नाही पूर्णविराम वहिनी खाली काही येते का

भोसले वहिनी २०२ (९:४४): काहीच नाही. आभारी आहे सर.

भोसले वहिनी २०२ (९:५२): सर, रागावू नका, आमचे हे विचारालेत. त्या इन्स्पेक्टरचं पुढं काय झालं? सहा भाग त्यांनी वरूनच ऐकले होते, आज शेवटचा आणि काहीच ऐकू येईना.

देसाई सर ३०२ (९:५५): मेला पूर्णविराम