अनुभव सांगा: झाडं, तिवरं आणि किनारा राखताना

पानगळ:
काल दूध आणायला खाली उतरले तर कोपऱ्यावरच्या पर्जन्यवृक्षाला तोडणीची नोटीस डकवलेली. खळ अजून ओली होती. 7 दिवसांत हरकत नोंदवा वगैरे. एकदम आमचा मुंबईतला जुना ग्रुप आठवला. तेव्हा व्हॉट्सॲप कुठलं, सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहायचो. एकदा भल्या पहाटे करवतीचा आवाज आला. खालच्या मजल्यावरचे निवृत्त काका 1975 च्या वृक्ष कायद्याची झेरॉक्स घेऊन लुंगीवरच धावले आणि कंत्राटदाराकडे परवानगीचा कागद मागितला. कागद होता फांद्या छाटायचा, करवत लागली होती बुंध्याला! झाड वाचलं. तुम्हीही असं काही केलं असेल ना, मुंबईत, कोकणात? लिहा.

चिंबोरी:
आमच्याकडे झाडं तोडत नाहीत हो, मारतात. खाडीकडेला रात्री डंपर येतो, राडारोडा टाकून जातो. नुसता ढीग नाही, बांधच घालतात. भरतीचं पाणी आत यायचं बंद झालं की तिवरं, म्हणजे खारफुटी, उभ्या उभ्या वाळतात. मग दोन वर्षांनी तोच माणूस म्हणणार, इथे कुठे होती खारफुटी? 2018 मध्ये हायकोर्टाने स्पष्ट सांगितलंय, कांदळवनाला (खारफुटीच्या जंगलाला) हात लावायचा नाही, भोवती 50 मीटर मोकळं ठेवायचं. आम्ही पाळीपाळीने गच्चीवर बसून गाड्यांचे नंबर टिपले. तक्रार घेऊन गेलो तर एक कार्यालय म्हणे हद्द आमची नाही, दुसरं म्हणे आमचीही नाही. म्हटलं मग डंपरवाल्यालाच विचारतो, त्याला बरोबर माहितीये.

उंटावरचा शहाणा:
@चिंबोरी शेवटचं वाक्य वाचून चहा सांडला

चिंबोरी:
सांडा. पण पुढचं ऐका. तो बांध शेवटी फोडला गेला, जेसीबीनेच. वर्षभराने चिखलातून मुळांची टोकं वर आलेली दिसली. तिवराची मुळं श्वास घ्यायला वर येतात, पेन्सिली खोचल्यासारखी. मी मुलाला दाखवायला नेलं, त्याचं सगळं लक्ष चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या माशांकडे!

रेतीचाळ:
मी जरा उलटा अनुभव लिहिते. किनारा स्वच्छतेला कॉलेजची मुलं आली होती, उत्साह दांडगा. प्लास्टिक झालं, थर्माकोल झालं, रेतीत गाडलेली जाळी ओढता ओढता सगळे दमले (ती हाताने निघतच नाहीत, कापावी लागतात). मग राहिलं काय, तर मर्यादवेल. जांभळ्या फुलांसकट उपटून गोण्यात भरायला लागले, 'झाडी साफ करतोय' म्हणे. कोळीवाड्यातली एक मावशी सुकट घालत होती, ती अशी काही ओरडली! "अरे मेल्यांनो, तीच वाळू धरून बसलीये, उद्या उधाण आलं की तुमच्या आईच्या घरात पाणी शिरंल का माझ्या?" मुलं गप्प. तेव्हापासून आमच्यात साफसफाईच्या आधी मावशीच भाषण देतात. आमच्यापेक्षा बरं देतात.

खडीसाखर:
मावशींना दंडवत. मी रोज वाचते, लिहीत नाही. कुकर लावलाय, नंतर येते.

सुरूची सावली:
मी रायगडचा. 3 जून 2020, निसर्ग वादळ. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, किनाऱ्यावरची सुरूची झाडंही. गावातल्या पोरांनी पुन्हा सुरूच लावायचं ठरवलं, वारा अडवायला. शहरातून आलेले निसर्गवाले म्हणाले सुरू बाहेरचा, ऑस्ट्रेलियाकडचा, लावू नका. कौलं आमची उडाली आणि झाडाचा पासपोर्ट हे तपासणार!

टिटवी:
@सुरूची सावली राग समजतो. पण सुरू अगदी भरतीच्या रेषेपर्यंत लावला की कासविणीला अंडी घालायला मोकळी वाळू उरत नाही. मागे लावा, वाडीच्या बाजूला. उंडी, भेंडही लावा की सोबत.

सुरूची सावली:
उंडी लावलीत, भेंडही. सुरूपण लावलेत. भांडण मिटलं नाही, झाडं वाढतायत.

टिटवी:
कासवांवरून आठवलं, रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला गेलाय का कोणी? 2002 मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने गावकऱ्यांसोबत तिथे कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. अंडी काढून जाळीच्या कुंपणात पुरतात, कोल्ह्या-कुत्र्यांपासून जपायला. दीडएक महिन्याने पिल्लं निघतात. आम्ही गेलो त्या सकाळी घरट्यावर झाकलेली टोपली उचलली, खाली काहीच नाही. संध्याकाळी पुन्हा शून्य. नवरा म्हणाला ह्यापेक्षा आमरस खाऊन झोपलो असतो. मला मात्र ती टोपली रोज दोनदा उचलून बघणारा मुलगाच जास्त लक्षात राहिलाय.

खडीसाखर:
आले. वेळासला राहायची सोय कशी आहे? आई सोबत असेल, गुडघे दुखतात.

टिटवी:
गावात घरोघरी उतरतात. समुद्रापर्यंत चालावं लागतं हं, गुडघ्यांचं बघा.

जुना वड:
@पानगळ, तुमच्या झाडाचं वय काढा आधी. वृक्ष कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं आणि त्यावरचं झाड म्हणजे हेरिटेज. शिवाय तोडलंच तर जितकं वय तितकी नवी लावायची. म्हणून कागदावर सगळी झाडं तरुण असतात. आमच्या चिंचेचं वय 40 लावलं होतं. एका आजींनी ट्रंकेतून लग्नाचा फोटो काढला, 1968, मागे तीच चिंच, तेव्हाही चांगली डेरेदार. अर्जाला त्याची झेरॉक्स जोडली. आजी सगळ्यांना सांगत होत्या, "ह्यांच्याकडे बघू नका, झाडाकडे बघा."

उंटावरचा शहाणा:
आजोबांची काय प्रतिक्रिया?

जुना वड:
ऐकू येत नाही त्यांना. सोयीनुसार.

पानगळ:
हे भारी सुचवलंत. जुने फोटो मागते सगळ्यांकडे. हरकत मराठीत लिहिली तर चालेल ना? आणि एकच पत्र सह्यांचं की प्रत्येकाचं वेगळं?

जुना वड:
मराठीतच लिहा. वेगळी वेगळी द्या, सह्यांचा एक गठ्ठा म्हणजे एकच हरकत धरून मोकळे होतात. पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. आणि नोटिशीचा फोटो आत्ताच काढा, पावसात विरघळते ती. कधी कधी पावसाशिवायही.

चिंबोरी:
शिक्क्याशिवाय हलू नका. 'साहेब जेवायला गेलेत' म्हणतील. डबा न्या सोबत.

खडीसाखर:
@पानगळ माझ्याकडूनही एक हरकत लिहून ठेवा, सही करायला येते. कुठल्या स्टेशनला उतरायचं?