अनुभव धागा : तळ्याकाठी डबा आणि पाण्याचा सण

साताऱ्याला कास तलाव भरला की ओटीभरण असतं. खण, नारळ, हळदीकुंकू सगळं रीतसर, माहेरवाशिणीची भरावी तशी. आम्ही घरचे सगळे जातो, लहान पोरांपासून आजीपर्यंत, दशम्या, पिठलं, शेंगदाण्याची चटणी बांधून. पठारावर फुलं बघायला अख्खा महाराष्ट्र येतो पण शहरात बऱ्याच घरी नळाला कासचंच पाणी येतं, आणि ते पंपाशिवाय नुसत्या उतारानं खाली येतं, इंग्रजांच्या काळात त्यासाठी डोंगराच्या कडेकडेनं पाट काढलेला, हे खुद्द साताऱ्यातल्या पोरांनाही माहीत नसतं. माझ्या भाचीने सांडव्याजवळ उभं राहून विचारलं, "म्हणजे आपली टाकी हीच का?" मला वाटतं आपल्या नळाचं पाणी जिथून येतं तिथे घरच्यांना वर्षातून एकदा तरी न्यावंच. तुमच्याकडे असं काही होतं का? सविस्तर लिहा.

* * *

लातूरकर इथे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी कॉलेजला होतो. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागलेली, पाण्यासाठी १४४ कलम, विचार करा. आई रात्री टँकरसाठी जागी राहायची आणि भांडी घासलेलं पाणी झाडाला, कपड्याचं संडासला, असा हिशोब घरात कोणी शिकवावा लागला नाही. त्याच वर्षी पावसाळा संपता संपता लातूरला पाणी देणारं मांजरा धरण भरलं आणि लोक गाड्या भरभरून धनेगावला नुसतं पाणी बघायला गेले. आम्हीपण. आईनं काठावर बसून पाण्यात हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. तेव्हापासून धरण भरलं की धपाटे, दही, ठेचा घेऊन जातो, गावोगावचे लोक जलपूजनाला आलेले असतात. ज्या वर्षी भरत नाही त्या वर्षी पण जातो, उघडा पडलेला गाळ पोरांनी बघायला पाहिजे असं बाबांचं मत, आणि मला ते पटतं.

* * *

सिंगापूरहून लिहितेय. इकडे मार्चमध्ये जागतिक जल दिन जोरात असतो, २२ तारखेपुरता नाही, महिनाभर काही ना काही चालू. आम्ही मराठी घरं मिळून मरीना बराजला जातो. समुद्राच्या तोंडाशी बांध घालून गोड्या पाण्याचा तलाव केलाय, २००८ पासून, देशाच्या साधारण सहाव्या हिश्श्यावर पडलेला पाऊस तिथे येतो. इमारतीच्या छतावर हिरवळ आहे, तिथे सतरंज्या टाकायच्या, पुऱ्या-बटाटा भाजी, पोरं पतंग उडवतात. सासूबाई सोलापूरच्या, त्यांच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यांना पहिल्यांदा सांगितलं की इथे सांडपाणी शुद्ध करून परत वापरतात तर त्या म्हणाल्या, मग आपल्याकडे का नाही करत? उत्तर माझ्याकडे नव्हतं. मुलाच्या शाळेत याच दिवसात काही वेळ नळ बंद ठेवतात आणि पोरांना बादल्या, बाटल्या घेऊन रांगेत उभं करतात, म्हणजे टंचाई काय असते ते कळावं. तो घरी येऊन आजीला उत्साहाने सांगायला लागला तर आजीनेच त्याला दाखवलं, एका तांब्यात हातपाय, तोंड कसं धुवायचं. बाकी इथे पाण्याचा एक मोठा भाग अजून मलेशियाच्या जोहोरहून येतो, १९६२ चा करार २०६१ ला संपणार, त्यामुळे हा सगळा सण नुसता हौसेचा नाही.

* * *

आमच्या भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव कोणी लिहिले नाहीत म्हणून लिहितो. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं बांधलेले, धानाला पाणी, मासे, गुरं, सगळं त्याच्यावर. मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली, तलाव सरकारी झाले आणि गाळ व बेशरम नावाच्या झुडपानं भरले. आता काही गावांत मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या लोकांनी, त्यात बाया पुढे, बेशरम उपटून, उन्हाळ्यात तलावाची जमीन नांगरून पाण्यातल्या गावठी वनस्पती परत लावल्या, देशी मासे वाढले. २ फेब्रुवारीला पाणथळ दिवस असतो तेव्हा मी मुलींना मामाच्या गावी तलावावर नेतो. पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून भात, मासळीचा रस्सा. मागच्या खेपेला एका मावशीनं चिखलात उतरून मुलींना वनस्पती कशा लावायच्या ते दाखवलं, बोटानं भोक करायचं, मूळ दाबायचं, बस. धाकटीला बाहेर काढता काढता संध्याकाळ झाली.

* * *

धागाकर्ती : वाचून फार बरं वाटलं, लातूरच्या दादांच्या आईला नमस्कार सांगा. मालगुजारी तलावांवर वेगळा धागा काढाच, पाळ, तूम (पाणी सोडायचं दार), पाणीवाटप सगळं येऊ दे. आणि कोणी कासला येणार असाल तर फुलांच्या सीझनला शनिवार-रविवार टाळा, डबा घरून आणा, ओटीचं सामान प्लास्टिकच्या पिशवीसकट पाण्यात सोडू नका आणि बाटल्या, पत्रावळ्या परत गाडीत घाला. पिण्याचं पाणी आहे ते.