साठीनंतरचा जाड स्वेटर: तुम्ही कसा घालता?

दिवाळी सरून पहाटे गारठा जाणवायला लागला की आमच्या भिशीत दरवर्षी हाच विषय निघतो. "जाड स्वेटर घातला की मी नुसती गोल दिसते," असं म्हणत बायका सुंदर विणलेले स्वेटर पेटीत ठेवून देतात आणि सगळी थंडी पातळ जाकिटावर काढतात. मला याचं फार वाईट वाटतं. मी शाळेत होते तेव्हापासून विणते. आता वय ६४, उंची बेताची, अंगाने भरलेली. जाड स्वेटर शोभतो की नाही हे दोन ठिकाणी ठरतं असं माझं पक्कं मत आहे: खांदा आणि खालची बॉर्डर.

खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच बसली पाहिजे. वय झालं की खांदे थोडे उतरतात. त्यात शिवण दंडावर ओघळली तर जाड लोकरीचा सगळा फुगारा काखेत जमतो आणि छाती-दंड एकच दिसतात. खांदे फारच उतरते असतील तर रॅगलान बाही घ्या. तिची तिरकी रेघ गळ्यापासून काखेपर्यंत जाते आणि खांदा सावरून धरते. बॉर्डर कमरेखालच्या सगळ्यात रुंद भागावर कधीच येऊ देऊ नका. ती चार बोटं वर थांबावी, नाहीतर सरळ मांडीपर्यंत जावी आणि बाजूंना चीर असावी.

वेणीच्या विणीची भीती बऱ्याच जणींना असते. वेणी लोकर जास्त खाते आणि तिथे स्वेटर जाड होतो, हे खरं. पण मी मधोमध उभ्या दोन वेण्या घालते आणि दोन्ही कुशींना साधी सुलट वीण ठेवते. नजर वरून खाली जाते, कुशीत जाडी येत नाही.

तुमचं काय? साडीवर, पंजाबी ड्रेसवर, पँटवर, सगळे अनुभव लिहा. पुरुषांनीही लिहा.

निफाडजवळून, वय ६९

ताई, साडीवरचं मी सांगते. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो. द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या करून धूर करावा लागतो, तेव्हा शाल कामाची नाही, ती सारखी घसरते. स्वेटरच लागतो.

पदर आत घेऊन वरून जाड स्वेटर घातला की डाव्या खांद्यावर पदराच्या घड्या दबतात. एक खांदा उंच, एक खाली, पाठीवर फुगा. म्हणून मी स्वेटर आधी घालते आणि पदर त्याच्यावरून घेते. पण त्यासाठी स्वेटर कमरेपर्यंतच हवा, म्हणजे निऱ्या दिसतात आणि बाईची उंची दिसते. आत बाह्यांचं ब्लाऊज घालत नाही, पातळ सुती बनियन घालते. ब्लाऊजची बाही आणि स्वेटरची बाही काखेत एकमेकींत अडकली की हात वर करताना काचतं. पदराला पिन लावायची ती लोकरीच्या दोन टाक्यांमधून सरळ आरपार घ्यायची, टाका टोचायचा नाही. टाका तुटला की वीण उसवत जाते.

रंगाचं म्हणाल तर माझे केस आता पूर्ण पांढरे झालेत. सुनेने डाळिंबी रंगाचा विणून दिला. आमच्या गावात या वयाला राखाडी नाहीतर चॉकलेटी घालायची रीत. मी डाळिंबीच घालते, तोंडावर उजेड येतो.

नागपूर, वय ५८

आमच्याकडची थंडी कोरडी आणि बोचरी. हिवाळ्यात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात, लहानपणापासून तिथूनच घेत आलो. बराच माल लुधियानाचा असतो. छान असतो, पण कशाचा आहे ते पाहून घ्या. ॲक्रिलिकचा जाड स्वेटर काही धुण्यांत ढिला पडतो, कोपरं बाहेर येतात, पोटावर लोंबतो आणि चकाकतो. ती चकाकी अंग मोठं दाखवते. शिवणीतला एखादा सुटा धागा घरी आल्यावर जाळून पाहा: लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटांत चुरडते, ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो.

ॲक्रिलिक घ्यायचंच असेल तर (लोकर टोचते अशा कितीतरी जणी आहेत, माझी आई त्यातलीच) गडद आणि बिनचमकीचं घ्या.

टोरंटो, वय ७२

इथे बाहेर उणे पंधरा आणि घरात बावीस. त्यामुळे डोक्यातून घालायचा जाड स्वेटर मी बंदच केला. दुकानात शिरल्यावर काढायचा म्हटलं की केस विस्कटतात, चष्मा अडकतो, कानातलं श्रवणयंत्र निघून येतं. पुढून बटणांचा घालते. बटणं मोठी, संधिवाताच्या बोटांना धरता येतील अशी. वरची दोन आणि खालची दोन उघडी ठेवते. मधलीच लावली की कमरेला आकार येतो, बसल्यावर पोटावर ताणही पडत नाही.

माझी युक्ती एकच आहे आणि ती मी सगळ्यांना सांगते: आतला टॉप आणि पँट एकाच गडद रंगाचे. माझे बहुतेक गडद निळे. त्यावर कुठल्याही रंगाचा जाड कार्डिगन उघडा टाकला तरी मधोमध एक उभी सलग पट्टी दिसत राहते, माणूस सडपातळ आणि उंच वाटतो. पँट सरळ घेराची. खाली चुडीदारासारखी घट्ट घातली तर पाय काटकुळे आणि वरचा भाग अवाढव्य दिसतो, हे साठीनंतर जास्तच, कारण पायांचं मांस कमी होतं.

मुलीने आयर्लंडहून ॲरन बेटांवरच्या विणीचा स्वेटर आणला. दुधी रंग, वेण्या, चौकटी, सगळी नक्षी. तो जड आहे, पण खांद्यात नेमका बसतो म्हणून अंगावर कुठेही मोठा वाटत नाही. विकणारे सांगतात की कोळ्यांच्या प्रत्येक घराण्याची वीण वेगळी असायची. ती गोष्ट मागाहून जोडलेली आहे, ही नक्षी विसाव्या शतकात फुलली. गोष्ट खोटी असली तरी हात खरे आहेत, काय वीण आहे!

बडोदा, वय ५३

रजोनिवृत्तीत मध्येच अंगातून वाफा येतात. जाड स्वेटर, वर बंद गळा, म्हणजे जीव घाबरा होतो. बिनबाह्यांचा जाड स्वेटर आणि आत पूर्ण बाहीचा सुती कुडता, हे मला मानवलं. दंड मोकळे राहतात, छाती-पाठ गरम राहते. दिसायलाही नीटस दिसतं.

एडिनबरा, वय ६६

माझी डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली आहे. हे इथे लिहितेय कारण कपड्यांच्या चर्चेत याबद्दल कुणी बोलत नाही. पातळ, अंगाला चिकटणाऱ्या स्वेटरमध्ये दोन बाजूंतला फरक दिसतो. जाड विणीत तो दिसत नाही. लोकर स्वतःचा आकार धरून राहते, अंगाच्या उंचसखलावर पडत नाही. माझ्यासाठी जाड स्वेटर हाच सगळ्यात शोभणारा कपडा ठरला.

पहिले काही महिने हात खांद्याच्या वर जात नव्हता, तेव्हा फक्त पुढून उघडणारे घातले. नंतर गळ्याभोवती गोल नक्षीचे घ्यायला लागले. शेटलंड आणि फेअर आयल ही बेटं याच देशातली, तिथल्या रंगीत विणीचा पट्टा गळ्याभोवती फिरतो आणि खाली सगळं साधं असतं. समोरच्याची नजर चेहऱ्याकडेच जाते. एक लक्षात ठेवा: अशा विणीत मागच्या बाजूने दुसऱ्या रंगाचे धागे जातात, म्हणून ती दुहेरी जाड होते. ती जाडी गळ्या-खांद्यापाशी असलेली बरी, पोटावर नको. गळ्यात वेगळं काही घालायचं नाही, चष्म्याची साखळीसुद्धा नाही. ती विणीत अडकते.

पुणे, पुरुष, वय ७४

पुरुषांनीही लिहा म्हणालात म्हणून लिहितो. मला पाठीला पोक आहे. कुठलाही स्वेटर मागून वर चढतो आणि पुढे पोटावर लोंबतो. मान पुढे झुकते, त्यामुळे गळा हनुवटीला लागतो. सौ.ने दुमडलेल्या रुंद कॉलरचा, पुढून बटणांचा विणला, तेव्हापासून मानेमागची पोकळी भरून निघाली आणि आरशात मी ताठ दिसतो. मागची बाजू मात्र अजून वर चढतेच. त्याला काही उपाय आहे का?

धागाकर्तीकडून (ही चर्चा सुरू करणारी मीच)

काका, आहे. पाठीचा भाग विणताना काखेच्या वर काही अर्ध्या ओळी जादा घालायच्या. म्हणजे ओळ पूर्ण न विणता मधले टाके विणून उलटं फिरायचं, पुढच्या फेरीत आणखी दोन-चार टाके पुढे जाऊन फिरायचं. पाठ मध्यावर लांब होते आणि कुशी तेवढ्याच राहतात. किती ओळी लागतील ते मापावरून ठरवा: मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत पाठीवरून टेप धरा, मग गळ्याच्या खळगीपासून कमरेपर्यंत पुढून. दोन्ही मापं आताच्या स्वेटरच्या मापांशी ताडून बघा. पाठीला जितकं कमी पडतंय, तेवढ्या इंचांच्या ओळी वाढवा. माप घेताना मुद्दाम ताठ उभे राहू नका, नेहमी जसे उभे राहता तसेच राहा. काकूंना दाखवा, त्यांच्या लगेच लक्षात येईल. आणि धुतल्यावर तो दोरीवर टांगू नका, ओल्या लोकरीच्या वजनाने पुढची बाजू आणखी लांबते. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढा आणि सावलीत सपाट पसरा.