सासरे-दीर दोघांनाही दारू. मुलाला 'चढत नाही', काळजी वाटतेय

नमस्कार. आम्ही परभणी जिल्ह्यातले. सासरे दारूनं लिव्हर खराब होऊन गेले, थोरल्या दिरांचंही तेच चाललंय. मिस्टर मात्र थेंबाला शिवत नाहीत. मुलगा १७ वर्षांचा, नीटच्या क्लाससाठी लातूरला होस्टेलवर असतो.

तुळशीच्या लग्नानंतर पुतण्याची हळद होती. पोरांनी गुपचूप बिअर घेतली. बाकीची डुलायला लागली, हा ताठ. दीर कौतुकानं म्हणाले, "गडी आज्यावर गेलाय, चढतच नाही!" सगळे हसले. माझ्या पोटात गोळा आला.

कारण मी वाचलंय ते उलटंच आहे. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ मार्क शुकिट यांनी विशीतल्या तरुणांना मोजून दारू दिली आणि पुढं वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवला. ज्यांना कमी चढली त्यांच्यातच व्यसन जास्त निघालं, आणि व्यसनी बापाच्या मुलांत अशी मुलं जास्त होती. डेन्मार्कच्या १९७३ च्या अभ्यासात तर तान्हेपणीच दत्तक गेलेले मुलगेही होते. जन्मदाते व्यसनी असतील तर दुसऱ्या घरात वाढूनही त्यांच्यात व्यसनाचं प्रमाण सुमारे चौपट!

जीन टेस्ट करून घ्यावी का? आणि लेकराला सांगू कसं? "आमच्या रक्तातच आहे" म्हणत दिरांनी आजवर उपचार टाळले. यानंही तेच धरून बसायला नको.

प्रतिसाद

ताई, मी व्यसनमुक्तीत समुपदेशनाचं काम करते. टेस्टवर पैसे घालू नका. व्यसनाचा एकच असा जीन नाही. पुष्कळ जीन्स थोडा थोडा वाटा उचलतात. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा दिसतो. उरलेला निम्मा संगत, ताण आणि पहिला घोट कोणत्या वयात घेतला, यांचा. तो जितका लांबेल तितकं बरं.

सांगायचं घरात शुगर आहे हे सांगतो तसं, सरळ. "तुला चढत नाही म्हणजे थांबायची खूण तुझं शरीर उशिरा देतं" हे त्याला नीट समजेल, बायोलॉजीच शिकतोय. पण हे तुमच्या मिस्टरांनी सांगावं. त्याच बापाचा मुलगा, त्याच घरात वाढलेला, तरी प्यायला नाही. का नाही प्यायला, हे त्यांनी पोराला कधी सांगितलंय का?

दिरांसाठी १४४४६ वर फोन करा, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत. ते बोलायला तयार नसतील तरी तुम्ही करा.