दया आली तरी गाडी रुळावर येणार नाही

जेठालालची बायको दया परत आली की 'तारक मेहता' मालिका सावरेल, हे काही पटत नाही ब्वा. दया झालेली दिशा वकानी २०१७ मध्ये मालिकेतून गेली. तेव्हापासून किती वेळा सोसायटी सजली, जेठालाल नवा शर्ट घालून उभा राहिला, आणि दया काही आली नाही. अमळनेरला आमची आजी दर वेळी विचारायची, "दया कव्हय ई रे?" आता तीही विचारत नाही. भरीत-भाकरीचं ताट घेऊन बसते आणि जुना भाग लावायला सांगते.

माणसं जाणारच. नट्टूकाका झालेले घनश्याम नायक २०२१ मध्ये वारले, २०२२ मध्ये तारक मेहता झालेले शैलेश लोढा बाहेर पडले. खरा घोळ लिखाणात आहे. २००८ च्या सुमारास गोष्ट कशी पटकन रंगायची. आता हरवलेली चावी आठवडाभर सापडत नाही. एकाने काही म्हटलं की सगळ्यांचे दचकलेले चेहरे एकेक करून दाखवायचे, झाला भाग!

शेवट करा म्हणणारे बरोबर आहेत, पण रोजच्या मालिकेला सीझन नसतो, मग थांबणार कुठे? 'साराभाई' ही विनोदी मालिका २००६ मध्ये थांबली म्हणून अजून आवडीने बघतात. (२०१७ मध्ये वेबवर परत आणली, ती मजा नव्हती. असो.)

चालवायचीच असेल तर गोकुळधाममध्ये एक खान्देशी बिऱ्हाड आणा. मराठी म्हणून किती दिवस रत्नागिरीचा भिडेच? जेठालालला एकदा आमची शेवभाजी खाऊ घाला, आठवडाभराचा मसाला तिथेच निघेल.