आपण लिहिणारे आहोत हे तुम्हाला कधी पटलं? (अनुभव धागा)

कोपरीकर: ठाणे-नवी मुंबईतल्या लिहिणाऱ्यांनो, इथे मनापासून सांगा. पहिलं छापून आलं ते नको, आपण लेखक आहोत हे स्वतःला पटलं तो प्रसंग हवा. माझं सांगते. दिवाळी अंकात कथा आली तेव्हा आनंद झाला पण आतून पटलं नव्हतं. पुढे उन्हाळ्यात मराठी ग्रंथ संग्रहालयात तोच अंक हाती आला, हाताळून खिळखिळा झालेला, आणि माझ्या कथेतली सून पितळेच्या डब्यावरचं सासूचं नाव चिंचेनं घासते त्या वाक्याखाली कोणीतरी पेन्सिलनं रेघ मारलेली. 1893 पासून ठाणेकर तिथे वाचतायत, त्यातलं कुणीतरी अनोळखी माझ्या वाक्यापाशी थांबलं. तेव्हा पटलं.

ऐरोली लेडीज डबा: ट्रान्स हार्बर लोकलला आमचा ग्रुप ठरलेला, ठाणे ते वाशी. मी मोबाईलवर गोष्ट लिहायचे आणि वाचून दाखवायचे, टाइमपास म्हणूनच सुरू केलेलं. एकदा मुलाच्या परीक्षेत लिहायला जमलंच नाही तर कोपरखैरणे आलं तरी एक मावशी सोडेनात, "अगं तिचा नवरा परत आला की नाही तेवढं तरी सांग, मला रात्री झोप नाही लागली." ती बाई माझ्या मनातली, आणि झोप यांची उडालेली! तेव्हापासून घरात सरळ सांगितलंय, कुकर उतरला की तासभर मला हाक मारायची नाही.

घणसोली गाववाला: माझी आजी धवलारीण. आमच्या आगरी लग्नात धवला तीच म्हणायची, सगळं तोंडपाठ, कागदावर काही नाही. मी वहीत उतरवून घ्यायला लागलो. त्यात शेतं आहेत, खाडी आहे, देव आहेत, पण 1970 ला नवी मुंबई वसवायला सिडको, म्हणजे सरकारी महामंडळ, आली त्यानंतरचं काहीच नाही, जमिनी गेल्या ते नाही, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्के भूखंडासाठीचे हेलपाटे नाहीत. मग तिच्याच चालीवर मी ओळी जोडत गेलो, तिला म्हणून दाखवायचो, ती गप्प ऐकायची. चुलत बहिणीच्या हळदीला आजीनं मधेच माझ्या ओळी घेतल्या, कुणाला न सांगता, जुन्या असल्यासारख्या. काकी म्हणाली, "यो त आपलाच गाव हाय." मी मांडवाच्या मागे जाऊन रडलो.

सानपाडा आजोबा: तुर्भ्याच्या मार्केटात गाळ्यावर हिशेब लिहायचो. साताऱ्याकडचे माथाडी दुपारी गावी पत्र लिहून घ्यायचे. एकाच्या पत्रात, गोण्या उतरवताना पाऊस आला नि सगळे शेडखाली उभे राहिलो, एवढं मी आपणहून घातलं. बायकोचं उत्तर आलं, "लई भिजला न्हाईत न्हवं?" तो मला म्हणाला, भाऊ, पाऊस घालत जा. मी त्याच आठवड्यात स्वतःसाठी वही घेतली.

वर्तकनगर: सगळ्यांना कुणीतरी दाद दिली, माझं वेगळं आहे, मी अजून कुणाला काही दाखवलेलं नाही. वडील वागळे इस्टेटमध्ये कामाला होते. कादंबरीत कंपनीचा भोंगा, त्यांचा डबा, टाळेबंदीनंतरही ठरल्या वेळी शर्ट घालून गॅलरीत बसणं, असं सगळं लिहिलं होतं आणि त्याच्यावर माझा फार जीव होता. पण गोष्ट एका मुलीची, ती तिथे अडून बसायची. शेवटी ती पानं काढली आणि प्रकरण सुरळीत पुढे गेलं. जीव असलेलं लिखाण गोष्टीसाठी बाजूला ठेवता आलं, माझ्यासाठी तोच प्रसंग.

कोपरीकर: वर्तकनगर, पटतंय, पण ती पानं जपून ठेवा, शर्ट घालून बसणाऱ्या वडिलांची वेगळी कथा होईल. घणसोली, तुमच्या ओळी इथे टाका ना, आजीच्या पण. आणि कळवा, दिवा, बेलापूरवाले कुठे आहेत? लिहा की!